भाभीजींकडे ठेवलेलं प्रस्थान

ग्वाल्हेरच्या विमानतळावर कोणतं विमान कधी येतं, कधी जातं आणि कधी नुसतंच वेळापत्रकात राहतं, हे विचारायला आमच्या ओळखीचे लोक विमान कंपनीला फोन करत नाहीत, मला करतात. ही बढाई नाही, तक्रार आहे. तोंडाला दाढीचा साबण असताना दौलतगंजातून फोन येतो, "काका, ते मुंबईवालं आज जाणार आहे की नाही?" मी एका हातानं साबण पुसतो आणि सांगतो. मला ठाऊक असतंच असं नाही, पण गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही.

ही पदवी मी स्वतःच ओढवून घेतली. आमचं घराणं दरबारात दफ्तर सांभाळणारं. दरबार गेला, दफ्तर गेलं, मी सरकारी नोकरी करून निवृत्तही झालो, पण दुसऱ्याच्या कारभारात चुका काढायची घराण्याची सवय काही जाईना. त्यात महाराजपुऱ्याला नवा विमानतळ उभा राहिला. पुण्याचे नातेवाईक आम्हाला जन्मभर विचारत आले होते, "तिकडे चंबळच्या बाजूला रात्री बाहेर पडता का हो तुम्ही?" त्यांना उत्तर द्यायला मला अखेर एक काचेची इमारत मिळाली. चुलतभाऊ पुण्याहून आला तेव्हा मी त्याला किल्ला दाखवायच्या आधी विमानतळ दाखवला. बाहेर उभं करून त्याचा फोटोही काढला. तो बिचारा आला होता रेल्वेनं आणि जाणारही होता रेल्वेनं.

मग वेळापत्रक बदलायला लागलं. सकाळचं विमान दुपारी गेलं, दुपारचं संध्याकाळी. रोजचं आठवड्यातून काही दिवस झालं. मी कंपनीला तक्रारी पाठवू लागलो. उत्तरं यायची, ती फार नम्र असायची आणि सगळी सारखीच असायची. आमच्या कट्ट्यावरचे पेन्शनर म्हणायचे, "अहो, इतकी मगजमारी कशाला? दिल्लीला ट्रेन पकडा आणि तिथून उडा ना." दिल्लीहून ढीगभर विमानं उडतात हे मलाही माहीत होतं. पण फोटो काढून बसलो होतो ना.

खरं कारण मात्र फोटो नव्हतं. खरं कारण बंगळुरूला होतं.

माझी एकुलती एक मुलगी तिथे असते. तिची आई, म्हणजे माझी बायको, जाऊन तीन वर्षं होतील. दिवसवारांना मुलगी आली, सगळं नीट केलं, आणि गेली ती पुन्हा आली नाही. फोन रोज करायची. यायचं निघालं की काहीतरी आडवं यायचं: ऑफिस, सुट्टी, तिकीट. मी एकदा चिडलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, त्या घरात आलं की मी आधी किचनकडे कान लावते. आवाज येईल असं वाटतं. आणि येत नाही. मला नाही जमत." मी म्हटलं, गॅसचं सिलिंडर संपलंय, ठेवतो.

आणि मग तिला दिवस गेले. तिनं आपणहून सांगितलं, "बाळंतपणाला ग्वाल्हेरला येते. पहिलं आहे, माहेरीच हवं." मी फोन ठेवून घरभर फिरलो. हरिशंकरपुरमातल्या आमच्या घराला रंग लावला. पाटणकर बाजारातून डिंक, खारीक, खोबरं, अळीव असं सगळं आणलं आणि डिंकाचे लाडू करायला बसलो. पहिल्या खेपेचे लाडू इतके कडक झाले की शेजारच्या भाभीजींनी एक हातात घेऊन विचारलं, "भाईसाहब, ये बच्चे के खेलने के लिए हैं?"

डॉक्टरांनी तिला थेट विमान असेल तरच जा म्हणून सांगितलं होतं. थेट विमान होतं. तिकीट काढलं. कंपनीनं वार बदलला. नवीन तिकीट काढलं. कंपनीनं वेळ बदलली. आणि मग एके दिवशी निरोप आला की ग्वाल्हेर–बंगळुरू सेवा पुढील सूचनेपर्यंत बंद. सेवा पुन्हा सुरू झाल्याची ती सूचना आली तोवर मुलीचे दिवस इतके भरत आले होते की विमानवाले तिला आत घेईनात. मी तक्रार लिहायला बसलो आणि पहिल्यांदाच मला शब्द सुचेना. मला राग आलाच नव्हता. मला भीती वाटत होती. आता नाही आली तर ही कधीच येणार नाही, असं कुणीतरी कानात सांगत होतं.

"मग तुम्ही या," मुलगी म्हणाली. "माहेर इकडे आणा. काही सामान नको. फक्त आईचं दुपटं आणा."

हे दुपटं मुलीच्या लग्नानंतर माझ्या बायकोनं शिवून ठेवलं होतं. स्वतःच्या दोन जुन्या सुती साड्यांचं, मऊसूत, हातानं टाके घातलेलं. तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, आधी जुनंच गुंडाळायचं, हा तिचा नियम. "लागेल तेव्हा मी असेन-नसेन," असं म्हणून तिनं ते कपाटात ठेवलं. तेव्हा मी म्हटलं होतं, "तू कुठे चाललीस?" ती हसली होती.

तर आता जायचं मला होतं. आमचे गुरुजी दौलतगंजात राहतात. त्यांच्याकडे मी सहज गेलो, म्हणजे सहज गेलो असं दाखवत गेलो. आयुष्यभर बायकोच्या मुहूर्तांची मी थट्टा केली होती. ती कुठे जायची झाली आणि चांगली वेळ प्रवासाच्या आधी येत असली, तर त्या वेळेला ती प्रस्थान ठेवायची. म्हणजे तांदूळ, सुपारी आणि सोबत न्यायचं एखादं वस्त्र फडक्यात बांधून शेजाऱ्यांच्या घरी नेऊन ठेवायचं. शास्त्रापुरते आपण निघालो. मग गाडी केव्हाही असो, जाताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढे व्हायचं. मी म्हणायचो, "माणूस घरात, सामान शेजारी, याला प्रवास म्हणतात होय?"

गुरुजींनी पंचांग पाहिलं आणि म्हणाले, "गुरुवार सकाळ एकदम बढिया आहे. विमान कधीचं?"

"शनिवारचं."

"मग प्रस्थान ठेवा. आणि ऐका, ज्याच्याशिवाय तुमचं जाणं फुकट आहे, अशी चीज त्यात बांधा. म्हणजे विसरायचा सवालच नाही. फक्त एक. ते घरात परत आणायचं नाही. निघालेला माणूस अर्ध्या रस्त्यातून परतल्यासारखं होतं. चांगलं नाही ते."

ज्याच्याशिवाय जाणं फुकट, अशी माझ्याकडे एकच वस्तू होती. गुरुवारी सकाळी अंघोळ करून मी दुपटं, तांदूळ, सुपारी बायकोच्या एका ओढणीत बांधलं आणि दोन्ही हातांत धरून शेजारी गेलो. भाभीजी उत्तर प्रदेशच्या. त्यांना प्रस्थान म्हणजे काय ते समजावताना मला घाम फुटला.

"मतलब आप आज निकल गए?"

"हाँ जी."

"और जाएँगे शनिवार को?"

"हाँ जी."

"तो शाम की चाय पे आप आएँगे कि नहीं?"

मी म्हटलं, येईन. त्यांनी गाठोडं आपल्या देवघराशेजारच्या कपाटात ठेवलं आणि दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी निरोप आला: विमान सोमवारवर गेलं. सोमवारी दुपारी निरोप आला: बुधवारवर. इकडे मी शास्त्रानं प्रवासात होतो आणि प्रत्यक्षात हरिशंकरपुरमात. दूधवाल्याला बंद करून बसलो होतो, पेपर बंद केला होता, तुळशीला पाणी घालायचं भाभीजींना सांगून झालं होतं. मी गेलो असं समजून लोक विमानांची चौकशी करायला फोनही करेनात, हा एक फायदा झाला. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ब्रेड आणायला गेलो तर त्यानं दचकून विचारलं, "अरे, आप तो बंगलौर में थे न?" मी म्हटलं, लौट आया. म्हटलं आणि जीभ चावली. निघालेल्यानं असलं काही बोलायचं नसतं. हे मी मानत नाही, पण घरी येऊन देवापुढे उदबत्ती लावली.

बुधवारी सकाळी पोहे खात होतो. फोन वाजला. विमान दोन तास लवकर सुटणार होतं. उशिरा सुटणाऱ्या विमानाचा मला इतका सराव होता की लवकर सुटणाऱ्या विमानाचं काय करायचं असतं हे कळेना. बशी तशीच ठेवली. लाडवांचा डबा घेतला, औषधं घेतली, बॅग घेतली, गॅस बघितला, पुन्हा बघितला, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. टॅक्सी नेमकी दुसऱ्या बाजूनं आली आणि मी भाभीजींच्या दाराकडे पाठ करून तीत बसलो. गोला का मंदिरच्या चौकात ड्रायव्हरला मी कंपनीच्या कारभारावर एक व्याख्यान दिलं. तो माणूस चांगला. त्यानं रेडिओचा आवाज वाढवला नाही.

विमानतळावर काउंटरच्या मुलीनं माझी बॅग वजनकाट्यावर घेतली आणि तोंडपाठ प्रश्न विचारले.

"सर, सामान आपने खुद पैक किया है?"

"जी."

"किसी और के पास तो नहीं छोड़ा था?"

तेव्हा कुठे मला गाठोडं आठवलं.

"छोड़ा है," मी म्हणालो. "पड़ोस में."

तिचा हात थांबला. शेजारच्या काउंटरवरच्या मुलानं मान वर केली. मी घाईघाईनं सांगायला लागलो की त्यात फक्त तांदूळ, सुपारी आणि एक दुपटं आहे, दुपटं म्हणजे बच्चे को लपेटने का. मी जितकं स्पष्ट करून सांगत होतो तितकी ती गंभीर होत होती. शेवटी तिनं विचारलं, "सर, वो सामान इस बैग में है?"

"नहीं. वही तो मुसीबत है."

"तो ठीक है," ती म्हणाली, आणि तिनं बॅगेला पट्टी चिकटवली.

मी भाभीजींना फोन लावला. त्यांनी माझं अर्धंच ऐकलं. "आप वहीं खड़े रहिए, हम लाते हैं," म्हणाल्या. त्यांच्या यजमानांनी स्कूटर काढली. भाभीजी मागे, मांडीवर गाठोडं. मी आत काचेपाशी उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या कंपनीसाठी देवाला विनवलं की बाबा, आज उशीर होऊ दे. फार नको. नेहमीचा होतो तेवढाच. धावपट्टीवर कुत्रं येऊ दे, पायलटला पडसं होऊ दे, काहीही होऊ दे. वर्षभर ज्या उशिरासाठी मी त्यांना धारेवर धरलं, तोच उशीर मी आता हात जोडून मागत होतो. मी तर एका कर्मचाऱ्याला विचारलंसुद्धा, "आज लेट नहीं है?" तो अभिमानानं म्हणाला, "नहीं सर, आज बिल्कुल राइट टाइम."

विमान वेळेवर सुटलं. मला हाताला धरूनच आत नेल्यासारखं नेलं. खिडकीतून किल्ला दिसला, त्याच्याखाली पसरलेलं गाव दिसलं आणि ते सगळं धुरकट झालं. चष्मा पुसला तरी धुरकटच राहिलं. शेजारचा तरुण म्हणाला, "अंकल, पहली बार बैठे हैं? डरिए मत." मी मान हलवली. कसं सांगणार त्याला, की मी पोचणार आहे आणि जे पोचवायचं होतं ते मागे राहिलंय.

बंगळुरूला उतरून फोन सुरू केला तर भाभीजींचा निरोप होता, "भाईसाहब, हम गेट पर ही थे, आपका जहाज़ हमारे ऊपर से निकला. हमने पोटली ऊपर करके दिखाई भी."

मुलीनं दार उघडलं. मोठं पोट, सुजलेले पाय, आणि चेहरा डिट्टो आईचा. मी लाडवांचा डबा पुढे केला.

"दुपटं?"

मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं. गुरुजी, गुरुवार, शनिवार, वाणी, काउंटरवरची मुलगी, आणि गेटवर पोटली उंच धरून उभ्या भाभीजी. ती आधी नुसती ऐकत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता पोट धरून खाली बसली. जावई घाबरून आतून धावत आले. "बाबा," ती म्हणत होती, "बाबा, यार, तुमने पोटली को छोड़ दिया और लड्डू ले आए?" आणि मग त्याच हसण्यातून ती रडायला लागली, आई गेल्यावर दिवसवारांतही रडली नव्हती इतकी. मी तिच्या शेजारी फरशीवर बसलो. मलाही रडू आलं. जावई बिचारे पाण्याचे दोन ग्लास घेऊन उभे राहिले.

दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं आणि मुलगी झाली. नातीला तिच्या आईच्या जुन्या ओढणीत गुंडाळून माझ्या हातात दिलं. मऊ होती ओढणी. पण मला तेवढ्यात गेटवर राहिलेलं ते गाठोडं आठवलं आणि मी डोळे मिटले.

भाभीजी रोज फोन करून विचारायच्या, कुरियर करू का? मी हो म्हणणार होतो. पण मुलीनं माझ्या हातातून फोन घेतला. "नहीं आंटी, कुरियर मत कीजिए. ते प्रस्थान आहे ना, म्हणजे... वो ऐसे नहीं भेजते. मैं आके ले जाऊँगी."

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर बिघडलं असतं. बाळाचे लंगोट वाळत घालायला गच्चीवर गेलो आणि तिथे बराच वेळ उभा राहिलो. हे मी नीट सांगतो, कारण एरवी मी गप्प बसतो यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा नात मान धरू लागली होती. मी तोवर ग्वाल्हेरला परतलो होतो. नवं वेळापत्रक लागलं, त्यात थेट विमान होतं. मुलीनं तिकीट काढलं. त्या दिवशी मी विमानतळावर वेळेच्या फार आधी जाऊन बसलो. विमान उशिरा होतं. मग आणखी उशिरा झालं. माझ्या बाजूचे लोक काउंटरवर जाऊन भांडून आले, आणि त्यांतल्या एकानं मला ओळखलं. "काका, तुम्ही काही बोला ना यांना." मी म्हटलं, येईल हो, येतंच. तो माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागला की मला बरं नाही असंच त्याला वाटलं असावं.

विमान आलं. मुलगी आली. नात माझ्याकडे बघून आधी रडली, मग मिशी ओढली.

घरापाशी उतरलो तर मुलगी आमच्या दाराशी गेलीच नाही. सरळ भाभीजींकडे गेली. भाभीजींनी कपाट उघडलं. इतके महिने त्यांनी त्या गाठोड्यापुढे रोज उदबत्ती लावली होती. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं, पण कुणीतरी निघालंय एवढं त्यांना माहीत होतं. मुलीनं ओढणीची गाठ सोडली. ओढणी तिच्या आईची. तिनं ती नाकाला लावली आणि बराच वेळ तशीच धरली. मग दुपटं झटकून नातीला त्यात गुंडाळलं. थंडी बरीच होती, बंगळुरूत त्याचा काही उपयोग झाला नसता. नात त्यात एकदम गप्प झाली.

मुलगी तिला घेऊन आमच्या घराकडे निघाली आणि माझी धांदल उडाली. गुरुजींचं बोलणं आठवलं. प्रस्थान घरात परत आणायचं नाही. मी असलं काही मानत नाही, पण इथे वीतभर पोर होती. मी तिच्या पुढे होऊन दारातच आडवा उभा राहिलो.

"थांब. ते आत नेऊ नकोस. गुरुजी म्हणाले होते, परत घरात आलं की चांगलं नसतं. आपण असं करू, भाभीजींकडेच..."

ती थांबली. तिनं एकदा बंद दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आतून कसलाही आवाज येत नव्हता, हे तिलाही कळलं असणार.

"परत कुठे आलंय, बाबा?" ती म्हणाली. "आईनं जिच्यासाठी शिवलं, तिच्यापर्यंत पोचलं ना ते."

मी बाजूला झालो आणि कुलूप उघडलं.